शुद्ध आणि रूढ

इंग्रजी शिकणारा आपलें वाक्य जाणत्यापुढें ठेवून दोन प्रश्न विचारतो: हें शुद्ध आहे काय, आणि इंग्रज असें बोलतो काय? पहिल्याचा निवाडा व्याकरण करतें. दुसऱ्यापुढें तें मुकें होतें. ‘पॉवरफुल टी’ यांत नियमभंग कोठेंच नाहीं, तरी इंग्रज चहाला ‘स्ट्राँग’च म्हणणार. येथें रूढीपुढें मान तुकविण्यांत कमीपणा नाहीं. त्या शब्दांत आपलें असें कांहींच नव्हतें. परंतु ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ याचें काय? ‘गुड’ खोडलें कीं वाक्य इंग्रजी वळणावर येतें खरें. पण ‘आपलें शुभनांव?’ असें विचारण्यांतला विनयही त्याबरोबर खोडला जातो. विद्यार्थ्यांच्या वह्यांतून मीं तो शब्द कित्येकदां खोडला आहे. आतां तांबडी पेन्सिल तेथें अडखळते. शब्द तसाच ठेवून मी समासांत लिहितों: ‘इंग्रज असें म्हणत नाहीं.’