रोगणाखालचं नाव

मार्च 1974 मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात, शिआन शहराजवळ, दुष्काळाने गांजलेले शेतकरी विहीर खणत होते. पाण्याच्या आधी हाती लागली भाजलेल्या मातीची माणसं. सम्राट छिन शी हुआंगच्या कबरीपासून दीडेक किलोमीटरवर त्याची अख्खी फौज जमिनीत उभी होती. आठ हजारांच्या आसपास सैनिक असावेत असा अंदाज आहे. प्रत्येकाचा चेहरा वेगळा वगैरे बरंच लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. मला कुतूहल आहे ते त्यांच्या गेलेल्या रंगाचं.

हे सैनिक मुळात असे मातकट नव्हते. हिरवे, लाल, जांभळे अंगरखे, गुलाबी कांती, काळे केस असा सगळा थाट होता. पण रंग थेट मातीवर लावलेला नव्हता, खाली रोगणाचा थर होता. रोगण म्हणजे एका झाडाचा चीक. झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि बिब्ब्यासारखंच अंगावर उतणारं. हा थर दोन हजारांहून अधिक वर्षं ओलसर मातीत टिकून राहिला. पुतळा वर काढला, शिआनची कोरडी हवा लागली, की काही मिनिटांत तो सुकतो, वळतो आणि रंगाला घेऊन गळतो. अलीकडे रसायनांनी तो धरून ठेवतात, पण सुरुवातीला वर आलेल्या बहुतेकांचा रंग असाच गेला.

रंग गेल्यावर मातीत कोरलेली, ठशांनी उमटवलेली नावं दिसतात. 80हून अधिक वेगवेगळी नावं मिळाली आहेत. ही सम्राटाची किंवा सेनापतींची नावं नव्हेत, कुंभारांच्या मुकादमांची आहेत. त्यांतले काही राजवाड्याच्या कारखान्यातले, एरवी कौलं करणारे. नाव कोरायचं ते कौतुकासाठी नव्हे. काम फसलं तर कोणाची मान धरायची हे कळावं म्हणून. छिन राज्याचे कायदे 1975 साली शुईहूदी इथल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले सापडले. तपासणीत कारखाना सर्वांत खाली आला, तर वरच्या अधिकाऱ्याला दंड एक चिलखत, मुकादमाला एक ढाल, हाताखालच्यांना चिलखत ओवायच्या दोऱ्या. दिवसभर मातीची चिलखतं घडवणाऱ्यांना दंडही चिलखताचाच!

इथून पुढची गोष्ट मी रचलेली आहे.

अशाच एका मुकादमाच्या टोळीकडे गुडघा टेकून बसलेले तिरंदाज होते. भट्टीतून निघालेला प्रत्येक पुतळा तो बोटाच्या पेराने वाजवून बघे. त्या संध्याकाळी एक तिरंदाज बद्द वाजला. मुकादमाने दिवा जवळ नेला. कमरेपाशी, चिलखताच्या शेवटच्या ओळीखाली, केसाएवढा तडा होता. बाजूलाच, अंगरख्याच्या काठावर, त्याचं स्वतःचं नाव.

"उद्या तपासनीस येतोय," टोळीतला म्हातारा गडी म्हणाला. "मोजणीला एक कमी पडला तर ढाल बसेल तुझ्यावर."

"आणि हा दिला तर?"

"तर काय? रोगणवाले रात्रीच हात मारणार आहेत. दोन हात बसले की तडा गेला आणि नावही गेलं. वर हिरवा अंगरखा. तपासनीस काय खरवडून बघणार आहे होय? पलीकडच्या टोळीने गेल्या पंधरवड्यात असेच काढून दिले. त्यांना शाबासकी मिळाली, धान्यही जास्त मिळालं."

मुकादम काही साधुसंत नव्हता. ढालीची किंमत त्याला ठाऊक होती, घरची चूलही ठाऊक होती. तो पुतळ्याभोवती दोनदा फिरला. माती मळणारा पोऱ्या कोपऱ्यात बसून बघत होता. त्यानेच या तिरंदाजाच्या बुटाच्या तळाला टाके काढले होते: चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ. खऱ्या बुटाचा तळ जिथे झिजतो, तिथेच शिवण घट्ट लागते, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याचे स्वतःचे बूट तिथेच फाटले होते.

"रंग कोण लावतं?" मुकादमाने विचारलं.

"रोगणवाले."

"त्यांचं नाव आहे का यावर?"

"त्यांचं कशाला असेल?"

"मग ते त्यांचं झाकण झालं. माझं नाव मातीत आहे."

"अरे, पण जमिनीखाली जाणार आहे हे सगळं! वर लाकडाचं छप्पर, त्यावर चटया, त्यावर माती. कोण बघायला येतंय?"

याला मुकादमाकडे उत्तर नव्हतं, आणि त्याने ते शोधलंही नाही. त्याने हातोडा घेतला आणि तडा होता तिथेच एक घाव घातला. पुतळा दोन ठिकाणी फुटला. नावाचा तुकडा त्याने वेगळा काढला आणि त्याचा चुरा केला.

सकाळी मोजणी झाली. एक कमी. तपासनिसाने बांबूच्या पट्टीवर नोंद केली: मुकादम, एक ढाल. पलीकडच्या टोळीची मोजणी बरोबर भरली. तिथला मुकादम जाता जाता हसून म्हणाला, "फार कडक भाजतोस रे माती."

तपासनीस पुढच्या कारखान्याकडे वळला. गडी पुन्हा मातीच्या वळ्या करायला बसले. पोऱ्या मात्र जागचा हलेना. त्याच्या हातातली माती सुकत चालली होती.

"काय रे?"

"मुकादम, मागच्या आठवड्यात एकाच्या मांडीला चीर पडली होती. तुम्ही पाण्याला गेला होतात. मी चिखल आणि रोगण भरलं तिच्यात. वरून रंगही चढलाय."

म्हाताऱ्या गड्याने कपाळावर हात मारला. "गप्प बस रे! तो आज मोजणीत बसलाय, चांगला म्हणून गेलाय."

"तिसऱ्या रांगेत आहे," पोऱ्या म्हणाला. "लाल बाह्यांचा."

मुकादमाने तपासनीस कुठवर पोचला ते वळून पाहिलं. फार लांब गेला नव्हता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याने हातोडा उचलला, पोऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "चल, दाखव कुठला. आणि त्याला हाक मार, पट्टी अजून ओली असेल."