सब्र कशाला म्हणावे?

अम्मीचे गुडघे दुखू लागले, तेव्हा आम्ही भावंडांनी तिच्या हातचे लाटणे काढून घेतले. आम्हाला ती खिदमत वाटली. बसून बसून तिचे स्नायू दुबळे झाले, दुखणे वाढले. तीन महिन्यांहून जुने दुखणे दर वेळी नव्या इजेची खूण नसते, बेताची हालचाल त्याला मानवते, हे आम्हाला उशिरा कळले.

आता ती चार चपात्या लाटते, कळ वाढण्याआधी टेकते, पुन्हा उठते. नमाज खुर्चीवर पढते.

मुकाट सोसणे म्हणजे सब्र, असे आम्ही मानत होतो. आपल्या दुखण्याचे माप ओळखून चालत राहणे, हाही सब्रच. मग आमची खिदमत कोणती? लाटणे तिला परत देणे आणि जवळ थांबणे.