उतारशाळेचे देणे

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनात भर दिला जातो तो त्याच्या करुणेवर, आणि ते योग्यच आहे. परंतु गोष्टीच्या अखेरीस हिशेबाचा एक भाग आहे. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि यापेक्षा अधिक खर्च झाला तर परतताना भरून देईन, असे सांगितले. जखमी किती दिवस अंथरुणाला खिळून राहील हे ठाऊक नसताना त्याने हे देणे शिरावर घेतले. तो त्या वाटेने आलाच नसता तर ते दोन दीनार कोणी द्यायचे होते?

हा प्रश्न अमेरिकेच्या राजकारणात गेली पंधराहून अधिक वर्षे धुमसत आहे. तिकडचे आपले नातलग सुट्टीवर आले की दातांची कामे इकडेच उरकून जातात, यावरून तेथील वैद्यकीय खर्चाची थोडीफार कल्पना आपल्याला असते. २३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आरोग्यविम्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यापूर्वी स्वतःच्या पैशाने विमा घेऊ पाहणाऱ्याला जुना आजार असेल तर बहुतेक राज्यांत विमा कंपनी त्याला नकार देऊ शकत असे. नव्या कायद्याने हा नकार बंद केला. पण आजारी पडल्यावरही विमा मिळणार असेल तर धडधाकट माणूस आधीपासून हप्ते कशाला भरील? आणि केवळ आजारीच विमा घेऊ लागले तर हप्ता कोणालाच झेपणार नाही. म्हणून विमा न घेणाऱ्यावर दंड ठेवण्यात आला, आणि बेताच्या उत्पन्नाच्या माणसाला सरकारी सवलत देण्यात आली.

विरोधकांचा खरा रोष होता तो या दंडावर, आणि त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शोमरोनी माणसावर कोणी सक्ती केली नव्हती. दंडाच्या धाकाने काढून घेतलेले पैसे म्हणजे परोपकार नव्हे, असे ते म्हणतात. मान्य आहे. मात्र ते पैसे परोपकाराचे आहेत असे आपण का गृहीत धरावे? १९८६ च्या तिकडच्या कायद्याप्रमाणे, तातडीच्या अवस्थेत दारात आलेल्या रुग्णाला, त्याच्या खिशात काही नसले तरी, रुग्णालयाला परत पाठवता येत नाही. तेव्हा जो ऐपत असून विमा घेत नाही, तो संकटाच्या दिवशी आपला भार इतरांवरच टाकत असतो. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या परिपत्रकात वैद्यकीय सेवेची गणना माणसाच्या हक्कांत केली. हक्क म्हटला की कोणाचे तरी देणे आलेच, आणि देण्याची वसुली ही न्यायाची बाब आहे.

या प्रश्नावर कॅथलिकांतही एकवाक्यता नव्हती. सर्वांना वैद्यकीय उपचार मिळावेत असा आग्रह दीर्घकाळ धरणाऱ्या अमेरिकन महागुरूंच्या परिषदेने २०१० मध्ये या विधेयकाला विरोध केला. गर्भपातासाठी सरकारी पैसा वापरला जाईल आणि सदसद्विवेकाचे संरक्षण अपुरे राहील, ही त्यांची भीती होती. कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेने मात्र पाठिंबा दिला. २०१७ मध्ये तोच कायदा मोडीत काढण्याची वेळ आली तेव्हा, पर्याय हाती नसताना तो रद्द करू नये, असे महागुरूंनीच सुनावले. यात विसंगती आहे, असे मला वाटत नाही. घर बांधण्याच्या पद्धतीला हरकत घेणे निराळे, आणि माणसे आत राहत असताना ते पाडणे निराळे.

रद्द करण्याचे वचन रिपब्लिकन पक्षाने सात वर्षे दिले. जानेवारी २०१६ मध्ये तसे विधेयक संमतही झाले, पण ओबामा ते नाकारणार हे सर्वांना ठाऊक होते. परिणाम भोगावा लागणार नाही हे माहीत असताना मत देणे सोपे असते. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे हाती आली, आणि मग कळले की पर्यायाविषयी पक्षातच एकमत नाही. प्रतिनिधिगृहात विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी निसटते पार पडले. सिनेटमध्ये एकामागून एक मसुदे कोसळल्यावर उरला एक तुटपुंजा मसुदा: दंड रद्द, बाकी बरेचसे तसेच. तो संमत झाल्यास दहा वर्षांत आणखी १ कोटी ६० लाख माणसे विम्याविना राहतील, असा संसदेच्या अर्थविषयक कार्यालयाचा अंदाज होता. काही सिनेटरांनी तर, आपण मत देऊ पण हा मसुदा आहे तसा कायदा होणार नाही याची हमी द्या, अशी जाहीर मागणी केली! हमीविषयी समाधान झाल्यावर त्यांनी मतही दिले. जे व्हायला नको तेच व्हावे म्हणून हात वर करायचा, याला कोणते नाव द्यावे?

२८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर मतदान झाले. जॉन मॅकेन त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. त्याच महिन्यात त्यांना मेंदूचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते आणि डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रियेची खूण ताजी होती. त्यांनी २०१० च्या कायद्याला विरोध केला होता. तो रद्द करण्याचे वचनही मतदारांना दिले होते. त्या रात्री त्यांनी अंगठा खाली केला, आणि मसुदा ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या त्यांच्याच पक्षाच्या दोन स्त्रियांनीही विरोधी मत दिले होते. त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही, हे खटकते.

मॅकेन यांनी वचन मोडले काय? त्यांच्या पक्षाचे वचन दोन भागांचे होते: रद्द करू, आणि त्याजागी चांगले आणू. दुसरा भाग हाती नसताना पहिलाच पाळणे म्हणजे वचनपूर्ती नव्हे, असे माझे मत आहे. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नव्हते. मूळ कायदा अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकन मताविना संमत झाला. आवडता विमा कायम ठेवता येईल हे ओबामांचे आश्वासन खोटे ठरले आणि २०१३ मध्ये त्यांना क्षमा मागावी लागली.

पुढे डिसेंबर २०१७ मध्ये करविषयक कायद्याच्या आडून दंड शून्यावर आणला गेला. दंडाविना कायदा कोसळेल असे जाणते सांगत होते. तो कोसळला नाही, कारण सवलतींनी त्याला धरून ठेवले. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचा दावा ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. त्याच वर्षी वाढवलेल्या सवलती पुढे चालू ठेवाव्यात की नाही, यावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेचे सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. त्यातून तोडगा निघाला नाही, आणि वर्षाच्या अखेरीस त्या वाढीव सवलतींची मुदत संपली. कायदा उभा आहे. हप्त्याची नवी रक्कम मात्र अनेक घरांत पुन्हा एकदा वहीत मांडून पाहावी लागली.