न पडलेल्या दगडाची बातमी

फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईवर आकाशातून दगड पडणार अशी बातमी फिरत होती. फॅमिली ग्रुपवर आली होती, कॉलेजच्या ग्रुपवर आली होती, मीम्सही आले होते. कोणी म्हणत होतं, निदान लोकलची गर्दी तरी कमी होईल. बातमी अगदीच थापेबाजीची नव्हती. '2024 वायआर4' नावाचा, सुमारे 60 मीटर आकाराचा एक लघुग्रह डिसेंबर 2024 च्या शेवटी चिलीतल्या दुर्बिणीला दिसला होता. 22 डिसेंबर 2032 या दिवशी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता 18 फेब्रुवारीला 3.1 टक्क्यांवर गेली. तो आदळलाच तर कुठे, याचा एक लांबलचक पट्टा शास्त्रज्ञांनी काढला होता. पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत. त्या पट्ट्यात मुंबई होती.

पुढच्या आठवडाभरात ही शक्यता जवळपास शून्यावर आली. यावर अनेकांचा सूर होता, "बघा, या लोकांना काही कळत नाही." खरं तर इथेच सगळी गंमत होती. नवा लघुग्रह दिसतो तेव्हा तो 2032 मध्ये नेमका कुठे असेल हे सांगता येत नाही. सांगता येतो तो एक प्रचंड मोठा पट्टा, आणि पृथ्वी त्यातला एक ठिपका. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आक्रसतो. पृथ्वी अजून आत असेल, तर आक्रसलेल्या पट्ट्यात तिचा वाटा मोठा होतो आणि टक्केवारी चढते. मग एक दिवस पट्ट्याची कड पृथ्वीला ओलांडून पुढे जाते आणि आकडा धाडकन खाली येतो. म्हणजे आकडा आधी चढून मग कोसळला, यात विज्ञान चुकलं नव्हतं. ते असंच चालतं. मला ही बातमी मनापासून आवडली होती, आजही आवडते.

त्याच फेब्रुवारीत सुदानमध्ये स्वयंपाकघरं बंद पडत होती.

सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 पासून लष्कर आणि 'आरएसएफ' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू आहे. एक कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. ऑगस्ट 2024 मध्ये दारफुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. हा शब्द आंतरराष्ट्रीय संस्था सहजासहजी वापरत नाहीत, त्याचे कडक निकष आहेत. जिथे सरकार उरलं नव्हतं आणि परदेशी मदतीचे ट्रक पोचत नव्हते, तिथे गल्लीतली तरुण पोरंपोरी एकत्र येऊन सामुदायिक स्वयंपाकघरं चालवत होती. मोठ्या पातेल्यात डाळ, दारात रांग, ज्याच्या हातात जे भांडं असेल त्यात वाढायचं. यातल्या बऱ्याच चुलींना पैसा अमेरिकी मदतीतून येत होता. 20 जानेवारी 2025 ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत 90 दिवसांसाठी गोठवली, आणि काही आठवड्यांत अशी शेकडो स्वयंपाकघरं थंड झाली.

एकीकडे आठ वर्षांनंतर पडू शकणारा आणि बहुधा न पडणारा दगड. दुसरीकडे आज दुपारी न मिळणारी डाळ. आपल्या फोनवर कुठली बातमी आली होती, हे सांगायला नको.

प्रश्न असा आहे, की यात काही गैर आहे का?

पहिलं उत्तर 'नाही' असंच येतं, आणि ते टाकाऊ नाही. मुंबई आपली आहे, खार्तूम आपलं नाही. जवळच्याची काळजी जास्त वाटणं हा काही गुन्हा नव्हे. आईला शेजारणीच्या मुलापेक्षा स्वतःचं मूल जास्त प्रिय असतं म्हणून तिला कोणी अनैतिक म्हणत नाही. अ‍ॅडम स्मिथने 1759 मध्ये, म्हणजे अर्थशास्त्रावरच्या त्याच्या गाजलेल्या ग्रंथाच्या बऱ्याच आधी, नीतिभावनांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने कल्पना केली, की भूकंपात अख्खा चीन गडप झाला. युरोपातला एखादा सज्जन काय करेल? हळहळेल, माणसाच्या आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर दोन शब्द बोलेल, युरोपच्या व्यापारावर काय परिणाम होईल याची चर्चा करेल आणि रात्री गाढ झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असं त्याला कळलं, तर रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी, फोन नसताना, या माणसाने आपली न्यूज फीड लिहून ठेवली होती.

स्मिथचा हा उतारा बरेच जण इथेच सोडून देतात. तो पुढे विचारतो: करंगळी वाचवण्यासाठी त्या कोट्यवधी लोकांचा जीव द्यायची वेळ आली, तर तो सज्जन देईल का? स्मिथच्या मते नाही देणार, त्या विचारानेच शहारेल. भावना एवढी तोकडी असताना हे कुठून येतं? स्मिथ म्हणतो, आपल्या आत एक निःपक्ष साक्षी बसलेला असतो. तुझं दुःख तुला मोठं दिसतं कारण ते तुझ्या डोळ्याला चिकटलेलं आहे, बाकी तू या गर्दीतला फक्त एक आहेस, हे तो सांगत असतो.

दूरच्या लोकांसाठी आपल्याला रडू यावं अशी अपेक्षा कोणाची नाही. पण त्या साक्षीसमोर कुठली माहिती ठेवली जाते, हे कोण ठरवतं?

जून 2023 मध्ये, 14 तारखेला, ग्रीसच्या किनाऱ्यापासून दूर स्थलांतरितांनी खच्चून भरलेली एक बोट उलटली. बोटीत साडेसातशेच्या आसपास माणसं होती असा अंदाज आहे. पाकिस्तानी, इजिप्शियन, सीरियन. वाचले 104. चार दिवसांनी 'टायटॅनिक'चे अवशेष पाहायला गेलेली 'टायटन' पाणबुडी पाच जणांसह बेपत्ता झाली. मग किती तासांचा ऑक्सिजन उरला आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ झालं. पाच माणसांसाठी जीव तुटणं वाईट नव्हतंच. पण त्या गोष्टीत रहस्य होतं, उलटी मोजणी होती, शेवट माहीत नव्हता. बोटीच्या गोष्टीचा शेवट आपल्याला कळली तेव्हाच झालेला होता, आणि तशा बोटी आधीही बुडाल्या होत्या.

कुतूहल नावीन्यावर जगतं. ते घटनेचा आकार मोजत नाही, ती किती अनपेक्षित आहे ते मोजतं. म्हणून भूक ही फार वाईट बातमी आहे, या अर्थाने की ती बातमीच होत नाही. कालही लोक उपाशी होते, आजही आहेत, त्यात नवीन काय?

हे नुसतं माझं मत असतं तर सोडून देता आलं असतं. थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रोमबर्ग या दोन अर्थतज्ज्ञांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1968 ते 2002 या काळातल्या जगभरच्या सुमारे 5,000 नैसर्गिक आपत्ती त्यांनी घेतल्या आणि पाहिलं, की अमेरिकी टीव्हीने कुठल्या दाखवल्या आणि अमेरिकी सरकारने कुठे मदत पाठवली. पण बातमीमुळे मदत गेली, की आपत्ती मोठी होती म्हणून बातमी आणि मदत दोन्ही गेल्या, हे वेगळं कसं काढायचं? त्यांनी ऑलिंपिकचा आधार घेतला. भूकंपाला ऑलिंपिकचं वेळापत्रक माहीत नसतं. ऑलिंपिकच्या दिवसांत झालेल्या आपत्तींना टीव्हीवर जागा कमी मिळते. त्यांना मदतही कमी मिळाली का? मिळाली. त्यांच्या हिशेबाने, ऑलिंपिकच्या काळातल्या आपत्तीला साधारण दिवसातल्या आपत्तीइतकीच मदतीची शक्यता हवी असेल, तर तिच्यात तिप्पट माणसं मरावी लागतात. आणखी एक आकडा तर अंगावर येतो: ज्वालामुखीत मेलेल्या एका माणसाइतकी टीव्हीवरची जागा मिळवायला अन्नटंचाईत सुमारे 40,000 माणसं मरावी लागतात.

हे वाचल्यावर 'मी फक्त वाचतोय, कोणाचं काय बिघडवतोय' हे वाक्य तितकं निरुपद्रवी राहत नाही. आपलं लक्ष कुठेतरी जमा होतं, मोजलं जातं, आणि त्याच्या जोरावर कुठलं तरी सरकार पाकीट उघडतं किंवा मिटतं. एका माणसाच्या क्लिकने काही होत नाही हे खरंच. एका मतानेही सरकार पडत नाही, पण म्हणून मत देणं हा टाइमपास आहे असं आपण म्हणत नाही.

लक्ष दिल्याने पोट भरतं याचा आपल्याकडचा दाखला म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा. मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामं, हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतील. 1970 ते 73 मध्ये महाराष्ट्रात पाऊस लागोपाठ दगा देत होता. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. हाल झाले, गुरं गेली, गावं रिकामी झाली. पण लाखोंनी माणसं भुकेने मेली असं झालं नाही. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी हे उदाहरण मुद्दाम मांडलं आहे. विरोधी पक्ष, मोर्चे, वर्तमानपत्रं यांचा दबाव असलेल्या सरकारला दुष्काळाकडे डोळेझाक करता येत नाही, हा सेन यांचा प्रसिद्ध सिद्धांत. त्याच्या उलट चीनमध्ये 1958 ते 61 या काळात कोट्यवधी माणसं मेली आणि त्याची बातमी छापणारं कोणी नव्हतं. महाराष्ट्राच्या त्या कामांतूनच पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा आला, आणि 2005 मध्ये तशाच हमीचा देशव्यापी कायदा झाला.

सेन-द्रेझ मात्र इथे टाळ्या घेऊन थांबत नाहीत. भारताने चीनसारखा दुष्काळ येऊ दिला नाही, पण रोजचं कुपोषण, साधे आजार, अशुद्ध पाणी यांनी भारतात चीनच्या तुलनेत इतके जास्त मृत्यू होत राहिले, की दर आठेक वर्षांत त्यांची बेरीज चीनच्या त्या महाभयंकर दुष्काळाहून मोठी होत होती. खुली वर्तमानपत्रं असूनही! एकदम आलेलं संकट त्यांना दिसलं. हळूहळू मारणारं दिसलं नाही.

मग करायचं काय? पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने 1971 च्या पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल पाहून एक निबंध लिहिला. त्यातलं तळ्याचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल: वाटेत तळ्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही पुढे जाल का? नाही ना? मग दूरच्या मुलासाठी पैसे का देत नाही? अंतराने नीती बदलत नाही, हे त्याचं म्हणणं मला पटतं. पण त्याने तळं एकच घेतलं होतं. फोनवर अंगठा सरकवला की दर सेकंदाला नवं तळं येतं, मध्ये एखाद्या मांजराची रील येते, मग पुन्हा तळं. इतक्या तळ्यांपुढे माणूस एक तर अपराधी वाटून घेतो किंवा बधिर होतो, आणि दोन्हींचा बुडणाऱ्याला सारखाच उपयोग.

म्हणून 'सगळं वाचा, सगळ्याचं वाईट वाटून घ्या' हा सल्ला मला अनैतिकच वाटतो. कुतूहल मारायचंही कारण नाही. लघुग्रहाचा पट्टा कसा आक्रसतो हे कळणं हा निखळ आनंद आहे. मात्र बातमी संपल्यावरही एखादी गोष्ट धरून ठेवता येते. एकच. तिच्यात नवीन काही घडत नसताना, महिन्यातून एकदा, आपण होऊन शोधून वाचायची. अल्गोरिदम ती दाखवणार नाही, कारण ती चकित करत नाही.

असं वाचू लागलं की फक्त दुःखच हाती लागतं असं नाही, कारण चांगल्या गोष्टीही अशाच हळू घडतात. 1990 मध्ये जगात पाच वर्षांच्या आतली सुमारे सव्वा कोटी मुलं मेली; 2023 मध्ये सुमारे 48 लाख. हा मथळा कुठल्याच दिवशी आला नाही, कारण तो कुठल्याच एका दिवशी घडला नाही. 'आर21' ही मलेरियाची लस पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि जुलै 2024 पासून आयव्हरी कोस्टच्या बाळांना मिळू लागली. आपल्या पुण्यातली गोष्ट, पण तिच्यावर मीम नाही आलं.

मी स्वतः धरून ठेवलेली गोष्ट एका इंजेक्शनची आहे. लेनाकापाविर. वर्षातून दोनदा घ्यायचं, एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या चाचणीत ते 2,134 तरुण मुली आणि स्त्रियांना दिलं गेलं. जून 2024 मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यातल्या लागणीचा आकडा होता शून्य. अमेरिकेत त्याची वर्षाची छापील किंमत 28,000 डॉलरच्या वर आहे. सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या करारांनुसार हैदराबादच्या दोन कंपन्या 2027 पासून त्याची जेनेरिक आवृत्ती 120 गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये देणार आहेत. शून्य आकड्याची बातमी दोन दिवस चालली. 40 डॉलरची त्याहून कमी. आता ते 40 डॉलर कोण भरणार, मदत गोठल्यावर बंद पडलेल्या दवाखान्यांपैकी किती उघडतील, आणि युगांडाच्या एखाद्या खेड्यातल्या मुलीपर्यंत पहिली सुई नक्की कोणत्या महिन्यात पोचेल, हे मला पाहायचं आहे.