१ जून, ६ जून

भिवापुरात मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. मिरच्यांचे देठ खुडतात त्या सातऱ्यावर पुतणी बसली होती, झोंबू नये म्हणून बोटांना तेल लावून. मी शेजारी बसून उद्याच्या तासाचं टिपण काढत होतो. नॉर्मंडीचा धडा.

"काका, हे उतरणं एवढं मोठं काहून?"

"६ जून १९४४. एका दिवसात दीड लाखावर सैनिक फ्रान्सच्या पाच किनाऱ्यांवर आणि विमानांतून उतरले. हिटलरचं कंबरडं रशियानं मोडत आणलं होतं, पण पश्चिमेची ही आघाडी नसती तर युद्ध आणखी लांबलं असतं. छळछावण्यांत रोज माणसं मरत होती."

"आणि आपल्याकडे?"

ती कॉलेजात बंगालच्या दुष्काळावर प्रकल्प करते. १९४३ पासून तिथं भुकेनं आणि मागोमाग आलेल्या रोगांनी तीसेक लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे.

"एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलनं रूझवेल्टकडे जहाजं मागितली," ती म्हणाली, "ऑस्ट्रेलियाचा गहू हिंदुस्थानात आणायला. १ जूनला उत्तर आलं, लष्करी कामातून जहाजं काढता येत नाहीत. पाच दिवसांनी तुमचे सैनिक उतरले."

"सैनिक उतरवायच्या होड्या वेगळ्या, सपाट बुडाच्या. त्यांतून काही कलकत्त्याला गहू येत नाही."

"मग नकार कशाला?"

"नुसतं सैन्य उतरवून भागत नाही. त्याच्यामागे रोज दारूगोळा, पेट्रोल, रसद न्यावी लागते. मालवाहू जहाजं त्यात गुंतलेली."

"म्हणजे गव्हाला लागणारी तीच. आत्ताच वेगळी म्हणालात."

मी गप्प झालो.

"त्यातली थोडी काढली असती तर उतरणं बुडालं असतं?"

"सगळं काठावर होतं गं. भरती आणि चंद्र जुळायचे दिवस मोजकेच. ५ जून ठरलेला, तो वादळानं एक दिवस पुढं गेला. फसलं तर दोष माझा एकट्याचा, अशी चिठ्ठी सेनापती आयझेनहॉवरनं आधीच लिहून ठेवली होती."

"गव्हाच्या नकाराची तशी चिठ्ठी कोणी लिहिली?"

मी विषय बदलला, हे कबूल करतो. म्हटलं, नॉर्मंडीतलं काँ शहर सोडवायचं म्हणून दोस्तांच्याच विमानांनी ते बेचिराख केलं. फ्रेंचांनाही किंमत द्यावी लागलीच.

"त्यांचं राज्य त्यांना परत मिळालं. चिमूरला काय मिळालं?"

चिमूर इथून लांब नाही. ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर तिथं ब्रिटिश सरकारचं लष्कर घुसलं, बायकांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला.

"त्याच सरकारच्या विजयाचा तुम्ही आनंद मानता?"

"मानतो. हिटलर जिंकला असता तर चिमूरला न्याय मागायलाही जागा उरली नसती."

"मागितला तेव्हा मिळाला होता?"

देठांचा ढीग तिनं सुपात भरला आणि दुसरं पोतं ओढलं. मी टिपणाची वही उघडीच ठेवून बसून राहिलो.

उतरणं आवश्यक होतं, हे माझं मत आजही पक्कं आहे. नकारही तितकाच आवश्यक होता, हे मात्र मला दाखवता आलं नाही, आणि इतकी वर्षं मी मुलांना १ जून सांगितलाच नव्हता. उद्या फळ्यावर ६ जूनच्या वर तो लिहीन.