ओलं, सुकं आणि उरलेलं

सकाळी कचऱ्याची गाडी येण्याआधी तिचं गाणं येतं.

इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. दोन गल्ल्या पलीकडे गाणं सुरू होतं आणि रामबागेतल्या आमच्या घराघरांत एक लहानशी धावपळ उठते. कुणी बादली उचलतं, कुणी चपला शोधतं, कुणी गॅस बारीक करतं. गाडी दाराशी थांबते अर्धं मिनिट. धावपळ चालते पाच मिनिटं. मला वाटतं, माणसाला गाडीचा त्रास होत नाही. त्रास होतो तो गाण्याचा.

येत्या बुधवारी मी सिगारेट सोडणार आहे. आज शनिवार. गाणं ऐकू येऊ लागलं आहे.

बुधवार मुद्दाम निवडला. याआधी एक जानेवारी निवडून झाली, गुढीपाडवा झाला, वाढदिवस तर तीनदा झाला. मोठ्या दिवशी केलेला संकल्प मोडला की आवाजही मोठा होतो. बुधवारी काहीच नसतं. पण गंमत अशी, की तारीख ठरली आणि ओढणं वाढलं. सत्तावीस वर्षं निर्धास्त ओढत आलो. आता मोजके दिवस राहिले म्हणताना पोटात गोळा येतो. रात्री मध्येच जाग येते. पोह्यांवर शेव आणि जीरावन भुरभुरताना मनात येतं, पुढच्या शनिवारी या पोह्यांनंतर काय? पन्नाशी उलटलेल्या माणसाने कागदाच्या एका सुरळीला इतकं भ्यावं, याची लाज वाटते. आणि लाज वाटली की आणखी एक ओढावीशी वाटते.

गुरुवारची गोष्ट. रक्षापात्र सुक्याच्या डब्यात उपडं करून मी डबा गाडीवरच्या मुलाकडे दिला. त्याने आत पाहिलं आणि डबा परत माझ्या हातात ठेवला.

“अंकलजी, ये तो मिक्स है.”

गाडी पुढे गेली. मी डबा घेऊन ओटल्यावर बसलो, वर्तमानपत्र पसरलं आणि निवडायला लागलो. तांदूळ निवडावेत तसं. पाकिटावरचा पारदर्शक कागद प्लास्टिकचा. आतली चांदी वेगळी. जाड पुठ्ठा वेगळा. त्याचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला, आणि तिथेच एक फोन नंबर: १८००-११-२३५६. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी, मोफत. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. गुमटीवरून खुली सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. नंबर दुकानदाराकडे राहतो, धूर आपल्याकडे येतो.

मग थोटकं. त्यांचं टोक कापसासारखं दिसतं, पण ते सेल्युलोज ॲसिटेट असतं, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. सत्तावीस वर्षं ओठांत काय धरत होतो, हे सत्तावीस वर्षांनी कळलं.

निवडता निवडता त्या मुलाचा शब्द पुन्हा आठवला. मिक्स. माझी भीतीसुद्धा मिक्सच होती. नुसतं ‘मला जमणार नाही’ एवढंच ती म्हणायची. काय जमणार नाही, ते कधी सांगायची नाही.

आमच्या शहरातला ओला कचरा देवगुराडियाला जातो. २०२२ साली तिथे प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टनांची होती. त्यातून निघणाऱ्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. भाजीची देठं आणि आंब्याच्या साली बस ओढतात, याचं मला अजून नवल वाटतं. निवडलेलं कामाला येतं. मिसळलेलं नुसतं साचतं आणि आतून धुमसत राहतं.

तेव्हा भीतीही निवडायला घेतली.

पहिला वाटा शरीराचा. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. दोनेक तासांत रक्तातलं निम्मं होतं. ते उतरू लागलं की जीव कासावीस होतो, चिडचिड होते. मग आपण एक पेटवतो आणि म्हणतो, बघा, हिनेच बरं वाटलं. आधीच्या सिगारेटने दिलेलं दुखणं पुढची सिगारेट शमवते. याला औषध कसं म्हणावं? ही उधारी आहे. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जड. मग काही आठवड्यांत शरीर निवळतं. एकेक तलफ तर काही मिनिटांचीच असते. तीही गाडीसारखीच, दाराशी फार वेळ थांबत नाही. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने, असं डॉक्टर आवर्जून विचारतात. माझं उत्तर होतं, पाच मिनिटांनी. ते ऐकून त्यांनी मान डोलावली आणि निकोटिनचा च्युइंग गम लिहून दिला. तो गोळीसारखा चघळत सुटायचं नसतं. थोडा चावायचा आणि गालात धरून ठेवायचा. या वयात नवं काही शिकायला मिळालं.

दुसरा वाटा चहाचा. हे मला ठाऊकच नव्हतं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर निपटतं. धूर थांबला की तेच कॅफीन रक्तात रेंगाळतं. कप तेवढाच, पण अंगात जवळजवळ दुप्पट चढतो. छातीत धडधड होते, झोप उडते. माणूस म्हणतो, सिगारेट सुटली म्हणून असं होतंय. खरं तर चहा सुटला नाही म्हणून होत असतं. चहा निम्मा करायचा, एवढं मी वहीत लिहिलं. घरात सांगितलं. कुणी काही बोललं नाही.

तिसरा वाटा हाताचा. दिवसाला दहा सिगारेटी, एकेकीचे दहा झुरके. सत्तावीस वर्षांत हा हात जवळजवळ दहा लाख वेळा ओठांपर्यंत गेला. इतक्यांदा तर मी देवाला हात जोडले नसतील. त्याला अचानक ‘जाऊ नकोस’ म्हटलं तर तो बिचारा गोंधळणारच. आमच्या कोपऱ्यावर पूर्वी कचराकुंडी होती. शहर स्वच्छ करायचं ठरलं तेव्हा ती उचलली गेली. त्यानंतरही कितीतरी दिवस माणसं पिशवी घेऊन त्याच कोपऱ्यावर जायची, मोकळ्या जागेकडे बघत उभी राहायची आणि पिशवी घेऊन परत यायची. कुंडी गेली होती, पाय गेले नव्हते. मग हळूहळू पायही विसरले. २०१७ मध्ये शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. आज त्या कोपऱ्यावर भाजीची गाडी लागते. हाताला मी खिशात बडीशेप ठेवून दिली आहे. त्याने जावं, काहीतरी घ्यावं, परत यावं.

चौथा वाटा माणसांचा. गुमटीवर चारजण जमतात. ‘क्यों भिया’ म्हणत एकमेकांच्या काडीवर पेटवतात. तिथली माझी जागा जाईल, अशी भीती होती. नीट पाहिलं तर हातात सिगारेट हवी, असं तिथे कुणी कधी म्हटलेलं नाही. तो नियम माझा मीच केला होता. तरीही पहिले काही आठवडे रस्ता बदलायचा आहे. मैत्री महिनाभर वाट पाहू शकते.

असे वाटे घातले आणि एकेक भीती तळहातावर मावेल एवढी झाली. वर्तमानपत्रावर काही उरलं नाही. मनात मात्र एक उरलं.

रात्री जेवण झाल्यावरची ओटल्यावरची दहा मिनिटं.

त्या वेळी मला कुणी काही विचारत नाही. घरखर्च, मुलांच्या काळज्या, फोन, सगळं दाराच्या आत राहतं. समोरच्या कडुलिंबावर एखादा पक्षी बाजू बदलतो. सिगारेट ओढणारा माणूस ‘काहीतरी करतो आहे’ असं घर धरून चालतं. नुसत्या बसलेल्या माणसाला मात्र घर विचारतं, काय झालं? तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं मी पैसे मोजत होतो ते निवांत बसण्याच्या परवानगीचे. धूर त्याची पावती होता. सिगारेट गेली तर ही परवानगीही जाईल, ही भीती सगळ्या वाट्यांच्या तळाशी दबून बसली होती. ती ओल्यात जात नव्हती, सुक्यात जात नव्हती.

देवास इथून तासाभराच्या वाटेवर आहे. १९४८ मध्ये गायक कुमार गंधर्व तिथे राहायला आले ते क्षयाचं दुखणं घेऊन. गाण्याला मनाई होती. ती वर्षं त्यांनी ऐकण्यात घालवली. माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी कानावर पडत होती. पुढे ते पुन्हा गायला लागले, तेव्हा माळवा त्यांच्या गाण्यात मुरलेला होता. त्यांच्या त्या वर्षांशेजारी माझी दहा मिनिटं ठेवणं आगाऊपणाचं आहे. तरी एवढं वाटतं, की रिकाम्या वेळात काय येऊन बसेल, हे तो वेळ रिकामा ठेवल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे टाकायचं आहे ते वेगळं, आणि ठेवायचं आहे ते वेगळं.

आज सकाळी गाणं सुरू झालं तेव्हा मी डबे घेऊन फाटकाशी उभा होतो. बुधवारला अजून चार दिवस आहेत. पोटातला गोळा आहेच, पण त्यात काय काय आहे ते आता ठाऊक आहे. गाडी आली. मुलाने झाकणं उचलून पाहिली.

“अब ठीक है, अंकलजी.”

गाडी वळली. गाणं पुढच्या गल्लीत गेलं, तिथल्या बादल्यांचे आवाज ऐकू आले. मी लगेच आत गेलो नाही. ओटल्यावर बसलो. हात एकदा खिशाकडे गेला आणि बडीशेप घेऊन आला.

आतून आवाज आला, “अहो, काय झालं?”

“काही नाही. नुसता बसलोय.”

थोडा वेळ आत काहीच हाललं नाही. मग ती बाहेर आली, माझ्या शेजारी चहाचा अर्धा कप ठेवला आणि काही न विचारता आत गेली.