स्वस्तातला बास
आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदात गिटारवाले तिघे, बास वाजवणारं कुणीच नाही. शेवटी मीच हो म्हणालो. पोस्टडॉकचा करार दोन वर्षांचा. घरातलं टेबल, पलंग सगळं जुनं, घेतानाच पुढे विकायचा हिशोब केलेलं. बासही तसाच घ्यावा का? की स्वस्तातलं घेणं म्हणजे एक पाय दाराबाहेर ठेवणं?

१९६१ साली पॉल मॅकार्टनी गिटारकडून बासकडे वळला. फेंडर परवडेना, म्हणून हॅम्बुर्गमध्ये त्याने सुमारे ३० पौंडांचा हॉफनर घेतला. पुढे तोच त्याची ओळख झाला. वाद्य स्वस्त होतं म्हणून त्याचं वाजवणं कमी मनापासूनचं ठरलं नाही.

काटकसरीलाही विवेक लागतो. बास जुना चालेल, फक्त मान वाकलेली नको. पण गिटारचा अ‍ॅम्प मोठ्या आवाजात वापरू नये. बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तिने गिटारचा स्पीकर फाटू शकतो. तिथे वाचवलेले पैसे महागात पडतात. घरच्या सरावाला हेडफोन पुरतात.

मी जुनाच बास घेतला. स्वस्त घेण्यात खोट नाही. खोट आहे ती ‘चांगला बास आला की नीट शिकेन’ म्हणण्यात. कायमची नोकरी लागली की इथे माणसं जोडेन, असं मी चार वर्षं म्हणत आलोय.

आता दर रविवारी तालमीला वेळेवर जातो.